नाडीचा खरा आकडा

गेल्या हंगामात आमच्या साखर कारखान्यातल्या दोघांना छातीचं दुखणं झालं. दोघांच्याही घरची माणसं माझ्याकडे येऊन गेली, कारण त्याच्या आधी मी त्यातून उठलो होतो. इस्पितळाबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांना एवढंच हवं होतं, की माणूस घरी आणल्यावर काय करायचं. ते मला तोंडी नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो आहे.

मी डॉक्टर नाही. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची वजनं घेणारा कारकून आहे. जे माझ्या अंगावरून गेलं तेवढंच लिहीन, आणि जे नुसतं ऐकलेलं आहे ते ऐकलेलं म्हणूनच लिहीन.

नगरच्या स्टँडवर

कारखान्याच्या एका कामासाठी नगरच्या कोर्टात गेलो होतो. काम आटोपून संगमनेरच्या गाडीची वाट बघत स्टँडवरच्या बाकावर बसलो. थंडीचे दिवस होते, तरी सदरा घामानं भिजला. छातीवर कुणी भरलेलं पोतं ठेवावं तसं वाटत होतं. मला वाटलं, भजी बाधली. आपल्याकडे छातीत दुखलं की पहिला संशय भज्यांवर जातो, आणि त्यात मौल्यवान वेळ जातो. वाचणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

समोर एक म्हातारे टांगेवाले उभे होते. ते माझ्याकडे बघत जवळ आले.

"साहब, किधर जाना?"

"संगमनेर."

"संगमनेर बाद में. पैले डाक्टर."

मी नको नको म्हणत असताना त्यांनी मला काखेत धरून टांग्यात बसवलं. इस्पितळात उतरताना माझ्या चपला आणि कोर्टाच्या कागदांची पिशवी टांग्यातच राहिली. दुसऱ्या दिवशी ते दोन्ही आणून देऊन गेले. त्यांना आत सोडलं नाही म्हणून दारातूनच हात वर केला. त्यांचं नावही मला माहीत नाही.

डॉक्टर तिशीतले होते. त्यांनी कार्डिओग्राम काढला, कागदाची पट्टी दोनदा बघितली आणि म्हणाले, "काका, हार्ट अ‍ॅटॅक आहे. आता उठायचं नाही. कूस बदलायची तरी सिस्टरना विचारून."

"किती दिवस?"

"दिवस विचारू नका."

"मग काय विचारू?"

"काहीच विचारू नका. पडून राहा."

आयुष्यभर दुसऱ्यांना आकडे सांगत आलेल्या माणसाला आकडा नाकारला गेला, की तो किती घाबरतो हे मला त्या दिवशी कळलं.

यंत्र

मला ज्या खोलीत ठेवलं तिथे चार खाटा होत्या आणि यंत्र एकच. ते परदेशातून देणगी म्हणून आलेलं होतं. माझ्या छातीवर मलम लावून तीन गोल चकत्या चिकटवल्या, त्यांच्या तारा यंत्राला जोडल्या. यंत्राला लहानशी काच होती. तिच्यावर एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे पळायची आणि प्रत्येक ठोक्याला उडी मारायची. उडीबरोबर टीक असा आवाज व्हायचा. बाजूला एक काटा होता, तो मिनिटाला किती ठोके पडतात ते दाखवायचा. बाकी कशावर नाही, पण काट्यावर माझा विश्वास लगेच बसला.

दुसऱ्या दिवशी माझे थोरले बंधू, म्हणजे दादा, आणि माझी पत्नी इंदू आले. दादा शेती बघतात. आम्ही संगमनेरजवळ वस्तीवर एकाच घरात राहतो. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी थेट बोलत नाही, आणि दीरही तिच्याशी बोलत नाही. काही सांगायचं असलं तर मधल्या माणसाला सांगायचं. खोलीत मधे मीच होतो, आणि मला बोलायची बंदी होती. त्यामुळे पहिला दिवस दोघंही भिंतीला लागून गप्प उभी होती. शेवटी दादा माझ्याकडे बघत म्हणाले, "तिला म्हनावं, खाली बस. उभं ऱ्हाऊन काय व्हनार हाय." मी काही म्हणायच्या आत ती बसली.

दादांना यंत्राची धास्ती वाटली. डॉक्टर आल्यावर त्यांनी विचारलं, "डाक्टर, ह्ये टीक टीक काय करतंय?"

"यांच्या हृदयाचे ठोके आहेत, दादा. चंद्रावर माणसं गेली ना, त्यांच्या छातीला अशाच चकत्या लावलेल्या असतात. त्यांचे ठोके इथं जमिनीवर बसून डॉक्टर बघतात."

दादांनी थोडा विचार केला. "म्हंजी त्यो तिकडं, आन डाक्टर हिकडं?"

"हो."

"मग औषिध कसं देत्यात?"

डॉक्टर हसले. "देता येत नाही. बघायचं, आणि काय करायचं ते त्यांना सांगायचं."

"नुसतं बघून काय उपेग?"

"तुम्ही दोघं काल दुपारपासून काय करताय मग?" डॉक्टर म्हणाले. त्यावर दादाही हसले. इंदूनं पदरानं तोंड झाकलं.

पुढे मी डॉक्टरांना याबद्दल पुन्हा विचारलं, कारण अर्धवट ऐकून लिहिणं मला पटत नाही. ते म्हणाले, ठोके कागदावर उमटवण्याचं यंत्र जुनंच आहे, त्याचा चंद्राशी संबंध नाही. पण माणूस हलला-घामेजला तरी न निघणाऱ्या चकत्या, हाताच्या पंजाएवढ्या जागेत बसणारी यंत्रं, दुरून अखंड लक्ष ठेवण्याची पद्धत, हे सगळं माणूस आकाशात पाठवायचं ठरल्यावर झपाट्यानं सुधारलं. त्यातलं काही इस्पितळांत आलं. मोठ्या शहरांत आता तारेशिवायही ठोके बघतात म्हणे. हे मी पडताळलेलं नाही. माझ्या छातीवर ज्या तीन चकत्या होत्या, तेवढ्यांची मात्र खात्री देतो.

तोवर मला वाटायचं, इथे प्यायला पाणी नाही आणि ही माणसं दगड आणायला चंद्रावर कशाला जातात? कारखान्याच्या कँटीनमध्ये तसं मोठ्यानं बोललोही होतो. खाटेवर पडल्यावर तसं वाटेनासं झालं.

मोजायची बंदी

यंत्रानं मला धीर दिला आणि यंत्रानंच मला बिघडवलं. मी सारखा काट्याकडे बघू लागलो. चौऱ्याऐंशी, शहाण्णव, पुन्हा नव्वद. काटा चढला की मी घाबरायचो, आणि घाबरलो की काटा आणखी चढायचा. सिस्टरनी यंत्राचं तोंड भिंतीकडे वळवलं. मग मी मनगटावर बोटं ठेवून मोजू लागलो.

डॉक्टरांनी ते पाहिलं. "काका, तुम्ही मोजायचं नाही."

"माझीच नाडी आहे."

"म्हणूनच. तुम्ही मोजायला लागलात की ती वाढते. तुमची नाडी तुम्ही सोडून कुणीही मोजावी."

मग दुसऱ्या एका गृहस्थांना आणलं. त्यांची अवस्था माझ्यापेक्षा वाईट होती, ते नुसतं बघून कळत होतं. सिस्टर माझ्या छातीवरच्या चकत्या सोडवू लागल्या. मला कळत होतं की हे बरोबर आहे. सिस्टरच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. तरीही मी सिस्टरचा हात धरला. त्या म्हणाल्या, "मामा, तुम्ही बरे झालात म्हणून काढतेय. त्यांना लागतंय." मी हात सोडला. टीक टीक आता पलीकडच्या खाटेवरून येऊ लागली. तो आवाज परक्याचा आहे हे ठाऊक असूनही मी त्याच आवाजावर झोपायचा प्रयत्न करायचो.

सांगायला बरं वाटतं, की ते गृहस्थही वाचले.

इंदूची परीक्षा

घरी सोडायला डॉक्टरांनी एक अट घातली. हृदयाला बळ देणारी एक गोळी मला रोज सकाळी घ्यायची होती. पण ती गोळी नाडी मंद करते. म्हणून आधी नाडी मोजायची. साठाच्या खाली असेल तर त्या दिवशी गोळी नाही. शंभराच्या वर गेली किंवा मधे ठोके चुकू लागले, तर डॉक्टरांकडे. चुकीच्या दिवशी गोळी दिली तर तीच जिवावर येईल. हे मोजणारं माणूस घरात आहे का?

इंदू चौथीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "मी मोजीन."

सिस्टर माझं घड्याळ तिच्या हातात देऊन शिकवू लागल्या. पण तिची बोटं मनगटावर टेकत आणि लगेच निघत. सिस्टर वैतागल्या. "अहो बाई, नवराच आहे ना तुमचा? विस्तव आहे का?" कारण मला दिसत होतं. दादा कोपऱ्यात बसले होते. त्यांच्यादेखत तिनं माझा हात कधी धरला नव्हता.

ते दादांच्याही ध्यानात आलं. ते उठले, छताकडे बघत म्हणाले, "तिला म्हनावं, मी तंबाखू खाऊन येतो. मला लई येळ लागंल," आणि बाहेर गेले. तंबाखू खायला त्या दिवशी त्यांना दोन तास लागले.

नंतर सिस्टरनी पलीकडच्या गृहस्थांच्या परवानगीनं त्यांच्या मनगटावर तिची परीक्षा घेतली, कारण तिथे ताडून बघायला यंत्राचा काटा होता. इंदूच्या आणि काट्याच्या आकड्यात एकाचा फरक आला. तीनदा घेतलं, तीनदा जवळपास तेच. सिस्टर म्हणाल्या, "पास." मी घरी आलो.

घरी

घरी आलेल्या माणसाला सगळे म्हणतात, आता काळजी मिटली. ज्यांच्यावर वेळ आली आहे त्यांना मी सांगतो, की खरी भीती तिथे सुरू होते. इस्पितळात टीक टीक असायची. घरी कान लावून ऐकायला काहीच नव्हतं. गोठ्यातल्या गाई, विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज, सगळं ऐकू यायचं, फक्त जे ऐकायचं होतं तेवढंच नाही. दिवसभर मी पडून राहायचो आणि झोप लागत आली की दचकायचो, की आता थांबलं. हात मनगटाकडे जायचा. इंदू असेल तिथून ओरडायची, "हात काढा! तुमाला बंदी हाय."

सकाळी ती शेजारी बसायची. डाव्या हातात घड्याळ, उजव्या हाताची बोटं माझ्या मनगटावर. ओठ हलत असायचे. मग सांगायची, "बहात्तर." एखाद्याच दिवशी, "चौऱ्याहत्तर." मग पुन्हा, "बहात्तर." मग ती पाण्याचा तांब्या आणायची, गोळी माझ्या हातावर ठेवायची. कधी म्हणायची, "चहात विरघळवून दिली हाय आज, कडू लागती म्हून." मी चहा प्यायचो.

पंधरवडा असाच गेला. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. कारण सांगतो. काट्यावर इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट मला पक्की माहीत आहे. बैलजोडी तीच, उसाचा फड तोच, गाडी भरणारे हात तेच, तरी दोन खेपांचं वजन सारखं येत नाही. सारखं येऊ लागलं, तर काटा अडकलेला असतो.

इंदूचा काटा बहात्तरवर अडकला होता.

ती शेतात गेली असताना मी गोळ्यांची बाटली काढली आणि गोळ्या मोजल्या. नाडी मोजायची बंदी होती, गोळ्या मोजायची नव्हती. हव्या होत्या त्यापेक्षा पाच जास्त निघाल्या. म्हणजे पाच दिवस मला गोळीच मिळाली नव्हती. हिला मोजता येत नाही, ही गोळ्या विसरते आणि मला खोटं सांगते, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

ती आल्यावर मी बाटली तिच्यापुढे धरली. "ह्या पाच कशा उरल्या?"

तिनं डोक्यावरचं गवत खाली टाकलं. "मोजल्या व्हय तुमी?"

"कशा उरल्या?"

"दिल्या न्हाईत म्हून उरल्या."

"चहात घातल्या म्हणालीस ना?"

"साखर घातली हुती नुसती."

"इंदू, तू मला मारायला निघालीस का?"

माझा आवाज चढलेला होता. दारातून दादा आत आले.

"आरं, तिच्यावर कशाला वरडतोस? मला इचार. समदं म्हाईत हाय मला."

"तुला काय माहीत?"

"त्या दिसांला साठाच्या खाली हुते. चोपन्न, छप्पन्न, अठ्ठावन्न, परत छप्पन्न, आनखी एकदा चोपन्न. म्हून गोळी दिली न्हाई. डाक्टरनीच सांगितल्यालं ना तसं?"

मी बाटली खाली ठेवली. "तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच."

गोळ्यांपेक्षा याचाच मला धक्का बसला. वीस वर्षांत ती दादांशी एक शब्द थेट बोलली नव्हती.

"मी गोठ्यात हुतो," दादा सांगू लागले. "मागनं आवाज आला, 'दादा, आज चोपन्न हायेत.' मला वाटलं, दुसरंच कोन तरी बाईमानूस आलं. वळून बघतो तर ही. पार रडकुंडीला आल्याली. मग मी सायकल काढली आन संगमनेरला डाक्टरकडं गेल्तो. ते म्हनले, बाईनं केलं ते बरूबर केलं, असंच करा, आन पुढच्या येळी नगरला दाखवा. तुला बाजाराला जातो म्हून सांगितलं."

म्हणजे माझी नाडी मंद व्हायची, त्या सकाळी ही दोघं गोठ्यात उभी राहून माझ्याबद्दल बोलायची, आणि मी आत बहात्तर ठोके घेऊन चहा प्यायचो.

"मग मला का नाही सांगितलंस?" मी इंदूला विचारलं.

ती आता चिडली. "काय सांगू? चोपन्न म्हनू? दवाखान्यात काटा जरा हलला तर तुमी दिसभर जेवला न्हाईत. आजारी मानसाला कोन वाईट बोलतं का? आपल्यात जातानासुदीक 'जातो' म्हनत न्हाईत, 'येतो' म्हनत्यात. आन मी तुमाला चोपन्न म्हनू?"

"पण आकडा खोटा होता."

"गोळी खोटी हुती का?"

तिनं मोजलं ते बरोबर होतं, केलं ते बरोबर होतं. वाईट आकडे मात्र तिनं स्वतःजवळ ठेवून घेतले होते आणि मला चांगले वाटून दिले होते. तरीही मी म्हणालो, "तुझा चांगला आकडा मला आता पुरत नाही. तू बहात्तर म्हणतेस, आणि मी दिवसभर विचार करतो, खरे किती असतील?"

ती गवत उचलून गोठ्यात निघून गेली. दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं.

नगरची खेप

तपासणीला आम्ही तिघंही नगरला गेलो. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. खरं म्हणजे तक्रारच केली. डॉक्टरांनी आधी गोळी कमी केली, आठवड्याला पाच दिवस घ्यायची आणि दोन दिवस सुट्टी. मग खुर्चीत मागे टेकून बसले.

"काका, मी एक वाचलंय. खरं-खोटं मी बघायला गेलेलो नाही. चंद्रावर गेलेल्या एकाचे ठोके मधेच बिघडले. खाली बसलेल्या डॉक्टरांना ते यंत्रावर दिसलं. पण त्यांनी त्याला लगेच सांगितलं नाही."

"का?" मी विचारलं.

"तो तिकडे. सांगून करणार काय? घाबरला असता. कामही बिघडलं असतं."

इंदू खाली बघत होती, पण ऐकत होती. दादा म्हणाले, "बग. मोठमोठे डाक्टरबी तसंच करत्यात."

मला हरल्यासारखं झालं. पण डॉक्टर पुढे इंदूकडे वळून म्हणाले, "पण बाई, परत आल्यावर त्याला सांगितलं त्यांनी. हेही आता परत आलेत. आता सांगायला हरकत नाही."

एसटीत ती खिडकीशी बसली होती. माझं घड्याळ हातात घेऊन वाटभर त्याच्या काट्याकडे बघत होती.

छप्पन्न

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी शेजारी बसली. घड्याळ धरलं, बोटं ठेवली. ओठ हलले. मिनिट संपलं तरी तिनं बोटं उचलली नाहीत, आणखी एक मिनिट मोजलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"किती?"

"सांगू?"

"सांग."

"छप्पन्न."

छातीत काहीतरी हलल्यासारखं झालं. इतके दिवस ज्याला मी भीत होतो तो आकडा समोर होता, आणि तिनं तो तिच्या तोंडानं सांगितला होता. मी काहीतरी भयंकर बोलेन, किंवा मला काहीतरी होईल, अशी ती वाट बघत असावी.

"आज गोळी नाही," मी म्हणालो.

"न्हाई."

"उद्या बघू."

"बघू."

ती पाणी प्यायली. मीही प्यायलो. मग म्हणाली, "काल सत्तर हुते. परवा अडुसष्ट. ते खरे हुते बरं का. मी उगं तुमाला बहात्तर सांगितले." मी विचारलं, सत्तरला काय वाईट होतं? ती म्हणाली, "बहात्तर जरा बरे वाटत्यात."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, आणि हसताना छातीकडे लक्ष गेलं नाही.

त्या दिवशी मी भाकरी पोटभर खाल्ली. दुपारी ओट्यावर आडवा झालो. इंजिन चालू होतं, गाई रवंथ करत होत्या. माझी नाडी मिनिटाला छप्पन्न होती, बिनगोळीचा दिवस होता, आणि ते मला ठाऊक होतं. यंत्राच्या चकत्या निघाल्यापासून मला अशी झोप लागली नव्हती. उन्हं उतरेपर्यंत झोपलो होतो. इंदूनं दोनदा जवळ येऊन श्वास बघितला, असं दादा नंतर म्हणाले. मला काही कळलं नाही.